तिकिटं संपली नव्हती

धाकटे,

मुलांच्या खेळसंग्रहालयाची रविवारची तिकिटं संपली, असं काल मी तुला फोनवर सांगितलं. ते खोटं होतं. दोन तिकिटं माझ्या पर्समध्ये आहेत.

याआधी तीनदा बेत ठरला आणि तीनदा ऐनवेळी तुझं काम निघालं. दर वेळी मी लॉन्ड्रीतली पाळी बदलून घेतली. शेवटी मुकादमीणबाई म्हणाल्या, "अगं, तू माणूस आहेस की कॅलेंडर?" मी नुसती हसले. दिवसभर इस्त्री करून भांडायचंही त्राण उरत नाही.

तुझी लेक इथे माझ्याकडे एकदाही रडली नाही. नवा फ्रॉक तिने आपणहून घडी करून कपाटात ठेवला. या खेपेला मी म्हटलं, "रविवारी आई येणार हं, आपण तिघी जाऊ." तर म्हणाली, "मावशी, आईला सांगूच नको. तिला सांगितलं की आपलं जायचं राहतं."

सहा वर्षांची पोर गं!

त्या संग्रहालयात खेळातला दवाखाना आहे. ती डॉक्टर होणार, मी पेशंट. तेवढीच पाठ टेकेन.

काल तू रजा मंजूर झाल्याचं सांगितलंस. या वेळी तू नक्की आली असतीस, हे मला आवाजावरूनच कळलं. तरी खोटं बोलले. तिच्यासाठी बोलले, असं मी मनाला समजावते. पण तू दिसताच ती माझा हात सोडून तुझ्याकडे धावली असती, आणि ते मला बघवलं नसतं.

तुझी,
दमलेली ताई