काठोकाठ भरलेली डबी

दादा,

तुझ्या धाकटीच्या आजाराला वर्ष झालं, तरी तुझ्या घरात अजून माझ्याच चाचणीचा उद्धार चालतो. वहिनी मला दारात पाहिलं की तोंड फिरवते. "घरचीच लॅबवाली, आणि तिनेच घात केला," असं तू पाहुण्यांसमोरही म्हणालास.

मी दोन चमचे लघवी मागितली होती. तू डबी काठोकाठ भरून आणलीस. दोन दिवस पाण्याचा थेंब न घेतलेल्या, तापाने फणफणलेल्या पोरीची लघवी इतकी भरपूर, इतकी स्वच्छ? शंका मला तेव्हाच आली होती. पण तू "आटप लवकर" म्हणत डोक्यावर उभा होतास. मी पट्टी बुडवली. न्युमोनियाचे जंतू अंगात असले की त्यांचा अंश लघवीत उतरतो आणि पट्टीवर रेघ उमटते; ती उमटली नाही, तसं लिहून दिलं. डॉक्टरांनी जंतूंवरचं औषध सुरूच केलं नाही, आणि तिसऱ्या दिवशी ताप मेंदूत गेला.

परवा थोरली सहज बोलून गेली, "आत्या, तेव्हा हिला शू होत नव्हती ना, म्हणून बाबांनी माझी भरून नेली."

शंका येऊनही मी तेव्हा विचारलं नाही, हा माझा गुन्हा. तो मी कुणासमोरही कबूल करीन. तू करशील?

हे पत्र कपाटातच राहील. वहिनीला कळलं तर तुझं घर मोडेल. धाकटीला आता ऐकू येत नाही, ती ओठ बघून शब्द ओळखते. म्हणून तिच्यासमोर तुझा विषय निघाला की मी तोंडावर हात धरते.

तुझीच,
घरची लॅबवाली