बोटं मोजणारी आज्जी

प्रिय निशू,

चौथीपर्यंतच्या शाळेत जेवढं गावलं तेवढ्यावर लिहिते, तेव्हा काना-मात्रा बघत बसू नको. लिहून झालं की या कागदाचा फोटो काढून तुला पुण्याला धाडणार हाय. फोटो काढायचा आणि धाडायचा, दोन्ही माझं मला येतंय. दिवाळीत तू हा मोबाईल दिलास तेव्हा तुझा बाप म्हणालता, आईला ह्यो कशाला, चार दिवसांत म्हशीच्या बादलीत पाडंल. आता तोच विचारतोय, आई, ह्या मेसेजवर दाबू का नको.

दर रविवारी तू तुझ्या त्या पानावर इंटरनेटच्या घडामोडी लिहितेस आणि मला बोलून पाठवतेस, ते मी धार काढून झाली की ऐकते. शेजारची धोंडुबाई पण येऊन बसते. दूध संपलं की आपणहून सांगणारा फ्रीज ऐकून आम्ही पोट धरून हसलो. म्हटलं, ते सांगायला घरात सून असतेय की. पासवर्ड कुणाला दाखवू नका म्हणून तू एवढं सांगितलंस, तर धोंडुबाईनं विसरायला नको म्हणून तो चुलीवरच्या भिंतीवर कोळशानं लिहून ठेवलाय. येणारा-जाणारा वाचतोय. जाऊ दे, लिहायचं वेगळंच हाय.

मशीनच्या चित्रांचं तू सांगितलंस, ते मला लई आवडलं. नसलेली माणसं बनवतात, तोंड झकास जमतंय, पण बोटं चुकतात, तेव्हा बोटं मोजा. मोजायला तर मला येतंय. बचत गटाच्या ग्रुपवर येईल त्याची बोटं मोजायला लागले. सहा बोटांचा एक साधूबाबा धरला, त्याला तर सगळ्या बायकांनी हात जोडून झालं होतं. तिथनं पुढं जी ती विचारायला लागली, चिमणाबाई, हे खरं का खोटं. जन्मभर मीच सगळ्यांना विचारत आले, भाजीत मीठ बरं हाय का. मला खरं-खोटं कुणी विचारलं न्हवतं, निशू. चढलं मला ते.

धोंडुबाईच्या नातीला, क्रांतीला, स्थळ आलं. तू तिला ओळखतेस, लहानपणी तुझ्या मागं मागं असायची. मध्यस्थानं पोराची माहिती आणि फोटो मोबाईलवर पाठवला. अमरसिंह नाव, शिरोली एमआयडीसीत कामाला. देखणा पोरगा, मोटारसायकलला टेकून उभा, हात टाकीवर. क्रांतीच्या मनात भरला होता, तिनं तो फोटो मला दोनदा दाखवला. धोंडुबाईनं ग्रुपवर टाकला, कसा हाय म्हणून. मी दोन बोटांनी मोठा करून बघितला, तर हाताला साडेतीनच बोटं आणि अंगठा. झालं. मी आवाज भरून पाठवला, की असा पोरगा न्हाईच, मशीननं केलेला हाय, बोटं मोजा. बायका हसल्या. धोंडुबाईनं मध्यस्थाला कळवलं, बघायला येऊ नका.

आणि मी तुला फोन केला. तू किती खूश झालतीस. फोटो मागून घेतलास. विचारलं होतंस, आज्जी, नक्की ना? आणि मी म्हटलं, नक्की. त्या रविवारी तू 'बोटं मोजणारी आज्जी' लिहिलंस, खाली फोटो लावलास. लोकांनी एवढं वाचलं, की तुझ्या हापिसातल्या पोरींनी मला नमस्कार सांगितला. मी दुधाच्या डेअरीत उभी राहून सगळ्यांना ऐकवलं.

परवा दुपारी दारात मोटारसायकल थांबली. एकटाच पोरगा होता. म्हटलं, पावणं, कुणाकडं आलासा? म्हणाला, धोंडुबाईंचं घर कंचं. ऊन लई होतं, म्हणून आधी पाण्याचा तांब्या दिला. त्यानं तो हातात घेतला आणि मला तो हात दिसला. साडेतीन बोटं आणि अंगठा. पाणी प्याला, तांब्या उपडा करून दिला. मी हातानंच शेजारचं दार दाखवलं.

धोंडुबाईनं हाक मारली म्हणून मागनं गेले. पोरगा वर बसला न्हाई, उंबऱ्याशी उभा. म्हणाला, "मी खरा हाय, एवढं सांगायला आलोय." कारखान्यात प्रेसखाली बोट गेलं त्याचं. आजवर प्रत्येक फोटोत हात खिशात घालायचा. या टायमाला आईला म्हणाला होता, दिसू दे, मागनं कळण्यापेक्षा आधी कळलेलं बरं. पानावरच्या फोटोत तू त्याचं तोंड झाकलंस, बाळा, हात उघडा ठेवलास. संगं काम करणाऱ्यांनी तोंडापेक्षा आधी हातच वळखला. आता तिथं त्याला 'कम्प्युटरचा जावई' म्हणत्यात. क्रांती दाराआडनं सगळं ऐकत होती. तिनं सरळ बाहेर येऊन सांगितलं, मला पसंत हाय. तो म्हणाला, मला पण, पण अक्षता टाकायला आलेला माणूस माझ्याकडं न्हाई, माझ्या हाताकडं बघंल, ते मला सोसायचं न्हाई. कुणी पुण्याच्या बाईनं लिहिलंय, कुणाला सांगावं तेच कळंना, म्हणाला. धोंडुबाईनं माझ्याकडं बघितलं. मी जमिनीकडं बघितलं आणि घरी आले.

तुझ्या आण्णा आजोबांचं डाव्या हाताचं बोट कडबा कापायच्या यंत्रात गेलेलं. त्या अर्ध्या बोटाला धरून तू चालायला शिकलीस. तोच हात जन्मभर माझ्या ताटासमोर जेवायला असायचा. मी कधी मोजला न्हाई. मग या पोराचा का मोजला? काल तुला सांगायला फोन केला, तर तू म्हणालीस, आज्जी, अजून कुठला पकडलास? आणि माझी जीभ मागं फिरली. म्हणून हे कागदावर. नुसतं पुसू नको, निशू. पुसलं तर लोकांच्या डोक्यात खोटा तो खोटाच राहील. फोटो काढून टाक, आणि त्याच पानावर, त्याच मोठ्या अक्षरांत लिही, की तो हात खरा हाय, कामात गेलेला हाय, आणि चुकली ती आज्जी. माझं नाव घालून लिही, आधी घातलं होतंस तसंच. उद्या सकाळच्या एसटीनं मी त्याच्या आईकडं निघालेय. तोवर तू लिहिलंस, तर त्यांना दाखवायला मोबाईल संगं घेईन. न्हाई लिहिलंस, तर मोबाईल घरी ठेवीन. जाणार मात्र हाय.

तुझीच,
आज्जी