बारा किलोंचं बाळ

३ मार्च, संध्याकाळ
चिरंजीवांचा कान दुखतोय. वय महिने आठ. डॉक्टरीणबाईंनी सात दिवसांचं अँटिबायोटिक दिलं. घरी येऊन मोबाईलवर वाचलं: तान्हेपणी अँटिबायोटिक घेतलेली मुलं पुढे लठ्ठ होण्याची शक्यता थोडी वाढते, असं काही अभ्यासांत दिसलंय. 'थोडी', 'काही' हे शब्द मी सोडून दिले. मी मुद्द्याचं तेवढंच घेतो.

४ मार्च
बाळाला कडेवर घेऊन काट्यावर उभा राहिलो. अठ्ठ्याऐंशी. त्यातून माझे शहात्तर वजा केले. (लग्नाच्या वेळचा आकडा, तोंडपाठ आहे.) उरले बारा! बायको म्हणाली, गेल्या महिन्यात दवाखान्यात साडेआठ भरला होता. दवाखान्याचा काटा बिघडलाय, दुसरं काय! औषध बंद, असं मी जाहीर केलं. तिने बाटली माझ्या हातातून काढून घेतली. म्हणाली, कान तुझा दुखत नाहीये.

५ मार्च
ठीक. मग आहारावर नियंत्रण. संकल्प: बाळाचा मऊ भात आजपासून निम्मा. उरलेला टाकवेना, म्हणून मी खाल्ला. लोणी सढळ होतं. केळंही निम्मं-निम्मं. बाळ रडलं. बापाला मन घट्ट करावं लागतं.

७ मार्च
पुन्हा वजन. बाळ बारा किलो नऊशे! निम्म्या खाण्यावर! आता तरी हिला पटावं, तर ही हसतेय. माझ्यामागे त्याला दुसरी वाटी भरवते, हेही आज कळलं. लेकराची काळजी या घरात मला एकट्यालाच. खरंच पोटात तुटतं. त्या भरात दुपारची वाटी अख्खी मीच संपवली.

१० मार्च
कोर्स संपला. दवाखाना. कान स्वच्छ, जीव भांड्यात पडला. तरी आकडे मांडलेच. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, तुमची भीती अगदीच खोटी नाही, म्हणून तर साध्या सर्दीला मी हे देत नाही. पण कानात पू झाल्यावर द्यायलाच हवं. मग नर्सने बाळाला एकट्याला काट्यावर ठेवलं. आठ किलो सहाशे. अगदी छान, म्हणाली. आणि म्हणाली, आता बाबा एकटे.
ऐंशी किलो तीनशे.
बायको खिडकीबाहेर बघत होती. खांदे हलत होते.

११ मार्च
रात्रभर विचार करून उलगडा झाला. तान्हेपणी मलाच भरमसाट अँटिबायोटिक दिलं असणार! सकाळीच आईला फोन लावला. आई म्हणाली, एक थेंब नाही दिला रे. आजारी पडायला तुला जेवणातून फुरसत कुठे होती?