शिंग वाजलं की दार लावायचं

१४ जानेवारी

मतदान झालंच नाही! दहा वाजता शाळेपुढे रांगा लागायच्या होत्या — एक सोरीबाच्या मागे, एक माझ्या मागे. साडेनऊला रानातून शिंग वाजलं. संपलं सगळं. रानदेव निघाला की बायकांनी दारं लावून बसायचं, पुरुषांच्या गुप्त मंडळीतला कुणी "गेला!" असं ओरडेपर्यंत. ज्या बाईनं त्याला पाहिलं तिचं पोट फुगतं नि ती मरते, हे आम्हांला आईच्या दुधाबरोबर पाजलेलं. दुपार टळेपर्यंत कुणी ओरडलं नाही.

सोरीबा बारा वर्षं गावच्या विकास समितीचा प्रमुख. पुन्हा तोच आला तर पाणथळीतली आम्हां बायकांची भातखाचरं तेलताडाच्या मळ्यात जाणार. म्हणून तर मी उभी राहिले. जिल्ह्याचे साहेब म्हणाले, बायकांशिवाय मतदान ग्राह्य धरता येत नाही, बावीसला पुन्हा घेऊ. पण तेव्हाही त्या आल्या नाहीत तर जे हजर असतील तेच निवडतील. हे ऐकून सोरीबा नुसता मान डोलवत होता.

त्याच दिवशी, संध्याकाळी

लिहूनच टाकते. मी पाहिलं.

मुद्दाम नाही. कोंबडी बाहेर राहिली होती, म्हणून दाराच्या फटीशी वाकले. गवताचा झगा, मुखवटा — आणि खाली माणसाचे पाय. डाव्या अंगठ्याला निळी चिंधी. सकाळी यांबाला कुदळ लागली तेव्हा मीच बांधलेली, गाठसुद्धा माझी. माझा नवरा! माझ्याच मतदानाच्या दिवशी!

देव नाही, यांबा आहे, हे कळल्यावर भीती जायला हवी होती ना? उलट वाढलीय.

१५ जानेवारी

पोट दुखतंय. दोनदा चाचपून पाहिलं. कसावाच्या पाल्याच्या भाजीत तेल जास्त झालं असेल.

जेवताना यांबाच्या अंगठ्याला चिंधी नव्हती.

१६ जानेवारी

फेमुसू आली होती. तिचं खाचर माझ्या खाचराला लागून. म्हणाली, बावीसला शिंग वाजणार आणि आम्ही दारं लावणार, रागावू नकोस. खाचर गेलं तर मजुरी करू, पण पोटचं पोर गेलं तर काय करू? तिला सातवा महिना आहे.

१७ जानेवारी

सासूबाईंनी ओळखलंच. भुईमूग सोलता सोलता म्हणाल्या, "काय पाहिलंस गं?"

मी रडायलाच लागले. त्यांनी कधी कुणाला न सांगितलेलं सांगितलं. त्यांच्या लहानपणी बोंपोसे नावाच्या बाईनंही पाहिलं होतं. पोट काही फुगलं नाही. पण गुपित पाहिलेली बाई बाहेर मोकळी ठेवता येत नाही, म्हणून मंडळीनं तिला रानात नेलं आणि आपल्यातच घेतलं. पुढे ती पुरुषांत बसायची. शिंग तिला लागू नव्हतं.

"म्हणजे परत आली ना ती?"

"आली. पण उखळावर कांडताना गाणं म्हणायची ती आधी. नंतर कधी म्हटलं नाही."

एवढंच बोलल्या आणि शेंगांकडे वळल्या.

१८ जानेवारी

यांबाला सांगितलं. सोरीबानं झगा घालायला लावला, नाही म्हटलं असतं तर आपलं घर जाळलं असतं, म्हणाला. मग माझे दोन्ही हात धरले. "सेराय, तोंड उघडू नकोस. पाहिलं म्हणालीस तर तुला रानात न्यायला मलाच यावं लागेल."

इतकं घाबरलेलं त्याला कधी पाहिलं नव्हतं. रागावायचं होतं, तेही जमलं नाही.

१९ जानेवारी

गेले. भर दुपारी, सावरीच्या झाडाखाली, म्हातारे बसले होते तिथं. विहिरीवर बायका होत्या. म्हटलं, "मी पाहिलं."

सोरीबा हसला. "काय पाहिलंस?"

"इथं सांगू? बायका ऐकताहेत."

सर्वांत म्हाताऱ्यानं सोरीबाकडे पाहिलं, मग जमिनीकडे. म्हणाला, उद्या पहाटे तुला न्यायला येऊ. वही सासूबाईंच्या तांदळाच्या कणगीत ठेवतेय. परत नाही आले तर ही फेमुसूला द्या. मला फार भीती वाटतेय. फार.

२१ जानेवारी

आले. आता मीही मंडळीतली. आत काय झालं ते लिहिणार नाही. इथंही नाही. पाठीवर झोपता येत नाही.

सासूबाईंनी विचारलं, गाणं येतं का अजून. प्रयत्न केला नाही.

२२ जानेवारी

साडेनऊला शिंग वाजलं. फेमुसूचं दार लागलं, मग सगळ्यांची लागली. मी कडी काढली, भर चौकात जाऊन उभी राहिले आणि होता नव्हता तेवढा जीव एकवटून ओरडले — "गेला!"

मग फेमुसूच्या दाराची कडी वाजली.