पंपरूमच्या भिंतीवरचे अकरा नेचे

ती. हरिदासदादास,

प्रभाचा वाकून नमस्कार (गुडघा परवानगी देतो तेवढंच वाकले आहे). मिरजेत उकाडा कसा आहे, तुझी पाठ काय म्हणते, आणि कॉलेजातून रिटायर होऊनही वाळलेल्या पानांची कपाटं हॉलमध्येच ठेवली आहेस का, ते कळव. इकडे फरीदाबादेत सगळं ठीक. म्हणजे मी सोसायटीशी भांडण मांडलं आहे, बाकी ठीक.

झालं असं, की वरच्या टाकीमुळे आमच्या पंपरूमची भिंत गेली सहा वर्षं गळते. त्याबद्दल सोसायटीला सतरा अर्ज गेले, आणि ते सतराही माझेच. मार्चात त्या ओल्या भिंतीवर काळ्या देठाचे नाजूक नेचे दिसले. (अविनाशना दाखवले तर म्हणाले, "कोथिंबीर का?" छत्तीस वर्षांचा संसार, दादा!) मी फोटो काढून नीरजला पाठवले. हा जळगावचा मुलगा दिल्लीत नेच्यांवरच पीएच.डी. करतो आणि रविवारी आमच्याकडे वरणभाताला येतो. या वेळी सोमवारीच धावत आला, अर्धा तास भिंतीला नाक लावून उभा राहिला आणि म्हणाला, "काकू, ही जात धोक्यातल्या यादीत आहे. आपल्या भागातली शेवटची नोंद सत्तर वर्षांपूर्वीची, अरवलीतल्या एका ओढ्याकाठची. तिथे आता खाण आहे." मग मोजणी झाली. अकरा रोपं. म्हणजे दिल्लीच्या आसपास ही जात कुठे सापडते, तर आमच्या चार फूट भिंतीवर!

आणि नेमक्या त्याच आठवड्यात सोसायटीला माझे सतरा अर्ज एकदम पावले. गवंडी, सिमेंट, वॉटरप्रूफिंगचे डबे, सगळं दारात हजर. मी सेक्रेटरी परीक्षितजींकडे अर्ज मागे घ्यायला गेले. ते हात जोडून म्हणाले, "आंटीजी, आप ही ने तो लिखा था, दीवार गिरेगी तो ज़िम्मेदार कौन?" मी म्हटलं, "अब मैं!" आणि भिंतीपुढे खुर्ची टाकून बसले. तीन दिवस. गवंडी पहिल्या दिवशी चिडला, दुसऱ्या दिवशी माझा चहा प्यायला, आणि तिसऱ्या दिवशी स्वतःच म्हणाला, की टाकी आतून दुरुस्त करतो, दीवार को हाथ नहीं लगाएँगे. पण मग ओल कुठून येणार? तेव्हा नीरजने केमिस्टकडून सलाईनची नळी आणली. आता टाकी गळत नाही, भिंत मात्र ठिबकते, आणि दोन वेळा पाण्याची बाटली मी भरते. काल बारावं रोप दिसलं, नखाएवढं. पंचेचाळीस डिग्रीत मी भिंतीसमोर उभी राहून रडले. कुणाला सांगू नकोस.

तुझी हट्टी बहीण,
प्रभा

ता. क. हे ठिकाण गुप्त ठेवा, लोक रोपं उपटून नेतात, असं नीरजने बजावलं होतं. परीक्षितजींनी गेटवर बोर्ड लावला आहे: 'दुर्लभ पौधा, दाईं ओर'. मी तो रोज काढते, ते रोज लावतात.

ता. क. २. वीस तारखेला माझं मोतीबिंदूचं ऑपरेशन आहे. दहा दिवस वाकायचं नाही. बाटली अविनाशवर सोपवायला माझं मन धजत नाही. तुझं अठराचं तिकीट काढलं आहे, खालचा बर्थ. वहिनींशी बोलणं झालं आहे. तुझी बॅग भरून पलंगाखाली ठेवली आहे म्हणाल्या.