नसलेली सहा मिनिटं

प्रिय ठमाबाई,

पाकिटावरचं अक्षर ओळखून पत्र तसंच कपाटात टाकू नकोस, एवढी विनंती. फोनवर आपलं बोलणं 'बरं आहे ना' आणि 'हो, बरं आहे' याच्या पुढे जात नाही, म्हणून लिहितोय. मी ठणठणीत आहे, तुझी आत्याही ठणठणीत आहे आणि पूर्वीसारखीच माझ्यावर डाफरते आहे. बातमी चांगली आहे, मी निर्दोष सुटलो! तुला मुळात आरोपच ठाऊक नाही, तेव्हा पहिल्यापासून सांगतो.

रुग्णालयाची रक्ताची गाडी अजून माझ्याकडेच आहे. रक्तपेढी साठ किलोमीटरवर. जाताना गाडी रिकामी, म्हणून ताशी साठ. येताना पिशव्यांना हिसके बसू नयेत म्हणून काटा चाळीसच्या वर न्यायचा नाही, हा आमचा नियम. दोन महिन्यांपूर्वी एका बाळंतिणीसाठी तातडीने रक्त आणलं. ती वाचली, बाळही वाचलं, पण अगदी थोडक्यात. गाडी उशिरा आली अशी तिच्या नवऱ्याने तक्रार केली आणि चौकशी लागली. फॉर्मवर एक रकाना होता, 'सरासरी वेग'. साठ आणि चाळीस, मधोमध पन्नास. मी ऐटीत पन्नास लिहिलं आणि सही ठोकली. स्वतःच्या हाताने पायावर धोंडा पाडून घेतला म्हण ना.

चौकशी अधिकारी बोलायला मोठा गोड माणूस. त्याने एकशेवीसला पन्नासने भागलं. आले दोन तास चोवीस मिनिटं. नोंदवहीत मात्र, पिशव्या चढवायचा वेळ सोडून, अडीच तास. "काका, मग ही सहा मिनिटं तुम्ही कुठे होतात?" मी म्हटलं, कुठेच नाही. तो म्हणाला, चहाला थांबला असाल, माणूस आहे, सांगून टाका, मी सांभाळून घेतो. मी थांबलोच नाही यावर अडून बसलो, तेव्हा मला घरी बसवलं.

पहिले चार दिवस मी नुसता चिडत होतो. पाचव्या दिवसापासून ती सहा मिनिटं शोधायला लागलो. फाटक बंद होतं का? डुलकी लागली होती का? आठवडाभराने तर मला वळणावरचं चहाचं दुकान दिसायला लागलं. हातातला ग्लास आठवला, बोटांना बसलेला चटकासुद्धा आठवला. न प्यायलेल्या चहाचा! शेवटी एका दुपारी कबुलीजबाब लिहायला बसलो.

आत्या समोर भाजी निवडत होती. तिने कागद हिसकावून घेतला. एकतीस वर्षं सातवीला गणित शिकवलेली बाई ती, वाचता वाचताच तिचा पारा चढला. "अरे गाढवा, वेगांची सरासरी कोण काढतं? जाताना साठ किलोमीटर साठने, एक तास. येताना तेच साठ चाळीसने, दीड तास. झाले की अडीच! भरधाव होतास एक तास आणि हळू होतास दीड तास, मग सरासरी मधोमध कशी येईल? अठ्ठेचाळीस येते." मी तीन-तीनदा पडताळून पाहिलं. एकशेवीस भागिले अठ्ठेचाळीस, बरोब्बर अडीच. माझी सहा मिनिटं कुठे हरवली नव्हती, ती मुळात नव्हतीच. या वयात मी बहिणीसमोर ढसाढसा रडलो, आणि ती भाजी निवडतच राहिली, पण खाली मान घालून. काल अधिकाऱ्यापुढे हेच गणित मांडलं. त्याने कपाळाला हात लावला आणि तिथल्या तिथे पत्र दिलं. सोमवारपासून मी पुन्हा गाडीवर.

पण हे पत्र नोकरीच्या बातमीसाठी नाही. काल घरी येता येता माझे पाय रस्त्यातच थांबले. तुझ्या आईचं औषध आणायला तू सायकलवर गेलीस तेव्हा चौदा वर्षांची होतीस. दुकान बारा किलोमीटरवर, जाताना उतार, येताना चढ. सायकलला वेगाचा काटा मीच हौसेने बसवून दिला होता. जाताना बारा होता, येताना सहा, असं तू धापा टाकत सांगितलंस. मी म्हटलं, सरासरी नऊ, म्हणजे दोन तास चाळीस मिनिटं. तुला तीन तास लागले, वीस मिनिटं कुठे होतीस? कुठेच नाही, म्हणालीस. संध्याकाळी आई गेली. मी ती वीस मिनिटं तुला सहा महिने विचारत राहिलो, आणि शेवटी तू रडत रडत कबूल केलंस की मैत्रिणीच्या दारात थांबले होते. मी मान डोलावली, जसं काही उत्तर बरोबर आलं. बाळा, बारा किलोमीटर बाराने एक तास. बारा किलोमीटर सहाने दोन तास. तीन तासच लागतात. मला माफ कर किंवा करू नकोस, पण ते दार मनातून काढून टाक. तू तिथे उभीच राहिली नव्हतीस.

तुझाच,
बाबा