चिठ्ठी त्यांची, वही आपली

तीर्थरूप मावशीस,

भांडण अजून मिटलेलं नाही हे धरून चालूनही साष्टांग नमस्कार. (वाकताना कंबरेत उसण भरली, त्यामुळे आठांपैकी सहाच अंगं जमिनीला लागली. उरलेली दोन भेटीत.) तुझा गुडघा कसा आहे? काकांचा खोकला उतरला का, की अजून तू विचारलंस की लगेच वाढतो? आई सांगते की फोनवर तू माझं नाव घेत नाहीस, नुसतं ‘ती’ म्हणतेस. माझी हरकत नाही. मीही गेले तीन आठवडे तुला ‘त्या’ म्हणते आहे. म्हणजे मान मी सोडलेला नाही.

हे माफीचं पत्र नाही. आधीच सांगते, नाहीतर तू चष्मा पुसून ओळींच्या मध्ये शोधत बसशील. घडलेली हकीकत कळवावी एवढाच हेतू आहे, कारण आईकडून कळली तर तिखटमीठ लावून कळेल, आणि माझ्या फजितीला तिखटमीठ लावायचा पहिला हक्क माझा.

तुला आठवत असेलच (तुला सगळं आठवतं, हाच तर सगळ्यांना ताप आहे) की मी पोहण्याच्या तलावाच्या कार्यालयात सभासदांची ओळखपत्रं करते आणि तलावाची वेबसाइट सांभाळते. ह्या साइटवर चाळीस पानं होती आणि प्रत्येकावर तोच मथळा, तीच डावीकडची यादी, तोच खालचा पत्ता मी हाताने चिकटवलेला. मागच्या वर्षी कार्यालयाचा फोन बदलला तेव्हा तो चाळीस ठिकाणी बदलावा लागला. सदतीस ठिकाणी बदलला. उरलेल्या तीन पानांवर चुकून एका केशकर्तनालयाचा नंबर पडला आणि दोन महिने तो बिचारा न्हावी लोकांना पाणी किती खोल आहे ते सांगत होता. (बरोबर सांगत होता, हे विशेष.) तेव्हा मी कंबर कसली आणि एकच सांगाडा केला. वर मथळा, खाली पत्ता, मध्ये मोकळी जागा. साइट उघडताना पडद्यावर जो पत्ता टाइप करतात त्याच्या शेवटी पानाचं नाव यायचं, ‘पान=वेळा’ किंवा ‘पान=नियम’, की सर्व्हरवरचा माझा पंधरा ओळींचा प्रोग्राम त्या नावाची फाइल उचलून मधल्या जागेत बसवायचा. चाळीस पानांचं काम एका पानात. मला स्वतःचा इतका अभिमान वाटला की मी ते तुला दाखवलं, आणि इथेच घोड्याने पेंड खाल्ली.

तू कचेरीच्या दप्तरखान्यात एकतीस वर्षं काढलीस. पडद्याकडे पाहून तू फक्त एवढंच विचारलंस, की मागणाऱ्याने चिठ्ठीवर भलतंच काही लिहिलं तर? मी म्हटलं, मावशी, हा तुझा दप्तरखाना नाही, इथे धूळसुद्धा नसते. आणि जोडीला हेही म्हटलं, की फायली इकडून तिकडे नेणाऱ्यांना ह्यातलं काय कळणार. तू चहा अर्धा ठेवलास, चपला घातल्यास आणि छत्री विसरून गेलीस. छत्री माझ्याकडे आहे. सुखरूप आहे.

आता पुढचं. आमचे व्यवस्थापक तुला माहीत नाहीत. गळ्यात कायम शिट्टी असते म्हणून सगळे त्यांना शिट्टीसाहेब म्हणतात. मी कंटाळले की त्यांच्यावर काहीतरी लिहिते, ही माझी जुनी सवय. असाच एक कागद मी साइटच्याच फोल्डरमध्ये ठेवला होता आणि त्याला नाव दिलं होतं ‘खरे नियम’. नियम पहिला: तलावात उतरण्यापूर्वी प्रत्येकाने अंघोळ करावी, व्यवस्थापकांनी आठवड्यातून एकदा तरी करावी. नियम दुसरा: शिट्टी वाजवणाऱ्याला पोहता येत नाही, तरी ज्यांना बुडायचं असेल त्यांनी प्रशिक्षक हजर असताना बुडावं. असे एकूण अकरा. साइटवर कुठेही त्या कागदाकडे जायचं बटण नव्हतं. ते कुणाला दिसणार?

तर एका मंगळवारी आमचे जुने सभासद, निवृत्त शिक्षक, ज्यांना आम्ही गुरुजी म्हणतो, तक्रार घेऊन आले की भिंतीवरच्या फलकावर टोपी सक्तीची आहे आणि साइटवर नाही, मग खरं काय? शिट्टीसाहेब फोनवर होते. ते खेकसले, खरे नियम साइटवर बघा. गुरुजी आयुष्यभर आज्ञेत राहिलेले. ते घरी गेले, त्यांनी पत्त्यात ‘पान=नियम’ लिहिलेलं पाहिलं, ‘नियम’ खोडून तिथे ‘खरे नियम’ टाइप केलं, आणि माझ्या आज्ञाधारक प्रोग्रामने वर तलावाचं बोधचिन्ह आणि खाली अधिकृत पत्ता लावून अकराच्या अकरा नियम त्यांच्यापुढे वाढले. गुरुजींनी ते पान छापून घेऊन शुद्धलेखनाच्या चार चुका लाल शाईने दुरुस्त केल्या आणि तो कागद सूचनापेटीत टाकला. सूचनापेटी शिट्टीसाहेब स्वतः उघडतात.

ते मला काय बोलले ते लिहीत नाही, काका मोठ्याने वाचून दाखवत असतील. मी मात्र मान खाली घातली नाही. मी म्हटलं, पोहता येत नाही हे खोटं असेल तर उडी मारून दाखवा. (मारली नाही.)

इथवर नुसता विनोद होता. पण दुसऱ्या दिवशी औषधाच्या दुकानाचे मालक, रोज सकाळी पोहायला येतात ते, खिडकीपाशी आले आणि हळू आवाजात म्हणाले की ताई, जरा बाहेर या. त्यांनी नावाच्या जागी दोन टिंबं आणि एक तिरकी रेघ, आणि पुढे ‘प्रमाणपत्रं’ असं लिहून पाहिलं होतं. मावशी, संगणकाच्या भाषेत त्या टिंबं-रेघेचा अर्थ होतो ‘एक पायरी वर’. माझा प्रोग्राम निमूटपणे पायरी चढला, साइटचा फोल्डर सोडून कार्यालयाच्या फोल्डरात शिरला आणि त्याने सभासदांची वैद्यकीय प्रमाणपत्रं त्यांच्या हातात दिली. महिलांच्या वर्गातल्या एका बाईंना फिट येते. हे त्यांनी सासरी कुणाला सांगितलेलं नाही, फक्त आमच्या अर्जावर लिहिलं होतं, माझ्या समोर बसून, माझंच पेन घेऊन. औषधवाले भले गृहस्थ, त्यांनी पान बंद केलं आणि मला येऊन सांगितलं. मला त्या क्षणी इतकी लाज वाटली की तलावात उडी मारावी, तर मलाही पोहता येत नाही.

मी लगेच कामाला लागले. दोन टिंबं आणि रेघ दिसली की पुसून टाकायची, असं प्रोग्रामला शिकवलं आणि औषधवाल्यांना म्हटलं, आता चढून दाखवा. त्यांनी एका जोडीच्या पोटात दुसरी जोडी घालून लिहिली. माझ्या प्रोग्रामने आतली पुसली, बाहेरचे तुकडे एकमेकांना चिकटले आणि पुन्हा पायरी तयार! मी आणखी चार गोष्टींना बंदी घातली, त्यांनी पाचवी काढली. चोराच्या हजार वाटा, आणि हा तर चोरही नव्हता. शेवटी सगळी साइट बंद करून ठेवली. शिट्टीसाहेबांनी फर्मान काढलं: पुढच्या शनिवारपर्यंत कुणा जाणत्या माणसाने पाहून साइट सुरक्षित आहे असं सांगितलं तर ठीक, नाहीतर ती बाहेरच्या कंपनीकडे जाईल आणि तुम्ही ओळखपत्रांवर फोटो चिकटवा. मावशी, ती साइट मी एकेक ओळ लिहून उभी केली आहे. ती माझी आहे. मी ती देणार नाही.

आणि मग एक गोष्ट मला सुचली. (माझी मलाच सुचली, ह्याची नोंद घे.) मी सातवीत असताना एकदा तुझ्या दप्तरखान्यात बसले होते. लोक चिठ्ठीवर काहीही लिहून देत. तू ती चिठ्ठी घेऊन कधीच मांडणीकडे गेली नाहीस. आधी तुझ्या वहीत ते नाव आहे का बघायचीस. असेल तर वहीतला क्रमांक उतरवून घ्यायचीस आणि त्या क्रमांकावर जायचीस. नसेल तर चिठ्ठी परत. चिठ्ठी त्यांची, वही आपली, असं तू शिपायाला बजावायचीस. मी मागणाऱ्याची चिठ्ठीच हातात धरून मांडणीभर फिरत होते!

आता माझ्याकडेही वही आहे. चाळीस पानं छाटून आठ ठेवली, त्या आठ नावांची यादी केली आणि प्रत्येकापुढे कुठली फाइल ते मीच लिहून ठेवलं. कुणी काहीही मागो, प्रोग्राम यादीत नाव शोधतो. सापडलं तर माझ्या हातची फाइल देतो, नाहीतर ‘असं पान नाही’ म्हणतो. तुम्ही काय मागितलंत ते परत वाचूनही दाखवत नाही, कारण औषधवाल्यांनी तिथेही काहीबाही लिहून माझं पान नाचवून दाखवलं होतं. प्रमाणपत्रं साइटच्या यंत्रावरूनच हलवली आणि मगच साइट पुन्हा उघडली. औषधवाले दोन दिवस खटपट करून थकले आणि आता नुसते पोहतात. त्या बाईंना मी स्वतः जाऊन सगळं सांगितलं.  त्या म्हणाल्या, तुम्ही सांगितलंत हे बरं केलंत. वर्गाला अजून येतात.

तेव्हा माझं सगळं उत्तम चाललं आहे आणि मला कुणाचीही गरज नाही. काकांना नमस्कार, मांजराला काही नाही, ते मला ओरबाडतं.

तुझी (तुझ्या मते ‘ती’) भाची

ता. क. शनिवारी दहा वाजता तुला वेळ आहे का? जाणता माणूस म्हणून मी शिट्टीसाहेबांना तुझं सांगून बसले आहे. दप्तर-सुरक्षेचा एकतीस वर्षांचा अनुभव म्हटलं, त्यात खोटं काय? तू फक्त भलत्या चिठ्ठ्या लिहून बघ. छत्री घेऊन स्टँडवर उभी राहीन.

ता. क. २. यादीत आठ नावं आहेत असं वर लिहिलं ते चुकलं, नऊ आहेत. नववं ‘मावशी’. काकांना पत्त्यात टाइप करायला सांग. त्या पानावर एकच ओळ आहे: फायली नेणाऱ्या बाईंना सगळं कळत होतं, चूक माझी होती. ते कुणाला सुचलं आणि साऱ्या गावाने वाचलं तरी वाचू दे. ह्या वेळी ते पान मी स्वतःच्या हाताने वहीत चढवलं आहे.